तारेआधीची चिंधी

रानातल्या वाटेची राखण म्हणजे नेमकं काय करतेस, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "चालते. आणि लोकांना ताठ चालता यावं म्हणून वाकते." हा विनोद तिने नोकरीच्या पहिल्या वर्षी केला होता आणि तेव्हा तिचं तिलाच हसू आलं होतं. आता विनोद जुना झाला होता, वाकणं तेवढं रोज नवं होतं. सकाळी फाटक उघडायचं, कोयता, करवत आणि खराटा घेऊन वर पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं, वाटेत पडलेल्या फांद्या ओढायच्या, तुंबलेल्या चरी मोकळ्या करायच्या, लोकांनी टाकलेले कागद गोळा करायचे आणि खाली उतरायचं. खाली उतरेपर्यंत वर पुन्हा कुणीतरी कागद टाकलेलाच असायचा. गावातले लोक तिला वाटेवाली म्हणत, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

ही नोकरी तिच्याकडे सासऱ्यांकडून आली होती. अख्ख्या गावाला ते अप्पा. रानातून वर जाणाऱ्या ओंडक्यांच्या पायऱ्या त्यांनी एकेक करून स्वतः बसवल्या होत्या. त्याआधी तिथे नुसता घसरडा चढ होता. मग त्यांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला आणि पाठोपाठ त्यांनाही द्यावा लागला. फाटकाशेजारची दोन खोल्यांची चौकी नोकरीसोबत मिळालेली, म्हणजे घर राखायचं तर नोकरी घरातच राहायला हवी. "तू कर की," नवरा म्हणाला. त्याला म्हणायला काय जात होतं? तो ट्रक चालवायचा, महिन्यातून एकदा उगवायचा, जेवायचा, झोपायचा आणि मावळायचा. तेव्हा तिने केली.

अप्पांनी तिला शिकवलं ते चिंधीपासून. वाटेवर धोका दिसला की आधी चिंधी, मग कोयता. लोंबकळती फांदी असो, गांधीलमाश्यांचं पोळं असो की खचलेली कड, तिथे पोचायच्या दहाएक पावलं आधी डोळ्यांच्या उंचीवर चिंधी बांधायची. चिंधी दिसली की माणूस थांबतो, बघतो, बाजूने जातो. आणि धोका दूर झाला की चिंधी त्याच दिवशी काढायची. या दुसऱ्या भागावर अप्पांचा कटाक्ष फार. "खोटी चिंधी राहिली ना, तर ती खऱ्या चिंधीला मारते," ते म्हणायचे. "लोक म्हणतात, ही काय, नेहमीचीच. आणि मग एक दिवस डोक्यात फांदी." सगळ्या गावाला हे ठाऊक होतं. म्हातारे, पळायला येणारे, शाळेची सहल, सगळे चिंधीला मानत.

मानत नव्हते ते फक्त मोटारसायकलवाले. संध्याकाळी तीन-चार जण मागच्या रस्त्याने रानात घुसायचे. पायऱ्यांवरून गाडी जाईना, म्हणून त्यांनी पायऱ्यांच्या शेजारून आपली चाकोरी पाडली होती. चाकांनी माती सुटली, माती सुटली तसे ओंडके हलले, ओंडके हलले तसं पावसाचं पाणी आत शिरलं. वाटेवालीने तिच्या वरच्या साहेबांना सांगितलं, साहेबांनी पोलिसांना सांगितलं, पोलीस एकदा येऊन चहा पिऊन गेले. गाडीवाले त्यांच्या हातावर तुरी देऊन पलीकडच्या अंगाने निघून गेले. ती सांगून सांगून थकली. शेवटी तिने सांगणं सोडलं, पण घरी अप्पांसमोर रोजची कुरकुर सोडली नाही, आणि अप्पा चौकीच्या पायरीवर बसून ती ऐकत राहिले.

गेल्या काही दिवसांत तिला वाटेत अधूनमधून अशा चिंध्या दिसत होत्या ज्या आपण बांधल्याचं तिला आठवत नव्हतं. आठवत नसलेल्या गोष्टींची तिला सवय होती. मागच्या वादळानंतर तिने किती बांधल्या, किती काढल्या, देव जाणे. चिंधी दिसली की मान आपोआप वर जाते, कारण रानात धोका बहुतेक वरूनच येतो. ती वर बघायची. फांद्या जागच्या जागी, पोळं नाही. मग ती चिंधी सोडायची, जॅकेटच्या खिशात कोंबायची आणि पुढे जायची. काम राहिलं नाही, उलट एक काम उरकलं, एवढंच तिच्या मनात यायचं.

आणि त्या सकाळी औषधवाली पडली.

औषधवाली म्हणजे चौकातल्या औषधांच्या दुकानाची मालकीण. पन्नाशीची, काटक, रोज सकाळी वाटेवर पळायला येणारी, आणि आल्या-गेल्याला न विचारता औषध सुचवणारी. अप्पांच्या गुडघ्यांचं मलम तिच्याकडचंच. वाटेवालीला हाक ऐकू आली तेव्हा ती चर मोकळी करत होती. धावत गेली तर औषधवाली चाकोरीत बसलेली, चष्मा कुठेतरी उडालेला, आणि डावं मनगट जिथे वाकायला नको तिथे वाकलेलं.

"मोडलंय," औषधवाली शांतपणे म्हणाली. तिचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता. "मी रोज लोकांची बघते ना, मला कळतं. मुळाला पाय अडकला असेल. चिंधी नव्हती हो, ताई. मी चिंधी बघूनच पळते."

"पायऱ्या सोडून इकडून का आलात?"

"पायऱ्यांवरून कोण पळणार आता? निम्म्या खिळखिळ्या झाल्यात. सगळे इकडूनच पळतात."

वाटेवालीने तिला खाली आणलं, रिक्षात बसवलं आणि चष्मा शोधायला परत गेली. चष्मा पानांत सापडला. चष्म्याच्या जरा वर, दोन झाडांच्या मधे, नडगीच्या उंचीला एक तार होती. मातकट रंगाची, ताणून बांधलेली. पानांत ती अशी मिसळली होती की हात लागेपर्यंत दिसली नाही. वाटेवाली तार हातात धरून तिथेच खाली बसली. तिची नजर चाकोरीवरून मागे गेली, दहाएक पावलं, त्या वाकड्या झाडापर्यंत. त्या झाडावर काल चिंधी होती. काल तिने मान वर केली होती, काही दिसलं नव्हतं, आणि चिंधी काढली होती.

तिने खिसा उलटा केला. चिंध्या बाहेर पडल्या. सगळ्या एकाच कापडाच्या, धुवून धुवून विटलेल्या करड्या कापडाच्या. एकीला काज होतं, एकीवर खिशाची शिवण. चिंधीकडे कोण बघतं? चिंधी ती चिंधी. पण आता बघितल्यावर तो शर्ट तिने ओळखला, कारण तो तिनेच वर्षानुवर्षं धुतला होता. अप्पांचा नोकरीतला शर्ट.

अप्पा चौकीत बटाटे सोलत बसले होते. तिने कापलेली तार त्यांच्यासमोर सालींवर ठेवली. त्यांनी ती पाहिली आणि हातातला बटाटा पुरा सोलला.

"सापडली होय," ते म्हणाले. "पडला का एखादा? माती खाल्ली का त्याने?"

"औषधवाली पडली. मनगट मोडलंय तिचं."

सुरी थांबली. "ती कशी पडेल? तार चाकोरीत होती. ती काय मोटारसायकलवर होती?"

"पळत होती."

"मग पायऱ्या कशाला आहेत?"

"पायऱ्या राहिल्यात कुठे, अप्पा?" तिचा आवाज चढला. "निम्मे ओंडके खिळखिळे झालेत. म्हातारेकोतारे जपून चढतात, मी चढते, बाकी सगळं गाव चाकोरीतून जातं. तुम्ही शेवटचे कधी चढलात वर?"

अप्पा कधीचे चढले नव्हते. ते संध्याकाळी पाय मोकळे करायला म्हणून जायचे ते कुठल्याही अंगाने रानात शिरायचे, पण पायऱ्यांच्या वाटेला त्यांचे गुडघे जात नव्हते. आपल्या पायऱ्या आपण ठेवल्या तशाच आहेत, असं त्यांनी धरून ठेवलं होतं.

"पण चिंधी?" ते एकदम म्हणाले. "चिंधी दिसली नाही तिला? मी प्रत्येक तारेआधी बांधलीय. उघड्यावर, नजरेसमोर. चालणारा माणूस थांबणार आणि गाडीवाला थांबणार नाही, असा हिशेब होता माझा. मी काय खाटीक आहे? तारही गळ्याशी नाही बांधली, वळणावर बांधली, गाडी हळू असते तिथे. कुल्ल्यावर आपटावा आणि परत येऊ नये, एवढंच."

वाटेवालीने चिंध्या टेबलावर ठेवल्या.

अप्पांनी एक उचलून तिच्या काजावरून अंगठा फिरवला. मग अगदी हळू म्हणाले, "काढल्यास?"

"धोका दिसला नाही. काढल्या. तुम्हीच शिकवलंत."

"अगं, पण धोका होता!"

"मला काय स्वप्न पडलं होतं? मी वर बघितलं!"

"आणि खाली? खाली कुणी बघायचं?"

"तार कुणी लावायची नव्हती, ते आधी बोला!"

दोघांचं असं बराच वेळ चाललं. तुझ्यामुळे, तुमच्यामुळे. शेजारीपाजारी कुणी नव्हतं म्हणून बरं. शेवटी दोघंही दमली, आणि दमल्यावर दोघांना एकाच वेळी तीच गोष्ट सुचली. बाकीच्या तारा.

"कुठे कुठे लावल्यात?" तिने विचारलं.

"जिथे चिंधी तिथे तार," अप्पा म्हणाले आणि त्यांचा चेहरा उतरला. "चिंधी बघूनच काढणार होतो. संध्याकाळचं धड दिसत नाही गं मला. कधी या वळणावर, कधी त्या. मी काय नकाशा काढून ठेवलाय? तू कुठून काढल्यास ते सांग."

तिला ते सांगता येईना. काढायची म्हणून काढली, खिशात घातली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे कळसा खिशात होता आणि त्याचा काडीइतका उपयोग नव्हता.

तिने साहेबांना फोन लावला. वाट आजचा दिवस बंद ठेवते म्हणाली.

"का?" साहेब म्हणाले. औषधवाली पडल्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. "ती बाई मुळाला अडकून पडली ना? लोक पडतातच."

तार, हा शब्द तिच्या ओठांवर आला होता. समोर अप्पा बसले होते, हातात अर्धा सोललेला बटाटा. आपलेच दात आणि आपलेच ओठ. "एक झाड कललंय," ती म्हणाली.

"मग आजच्या आज पाडा. उद्या सकाळी उघडा, नाहीतर मला दिवसभर फोन घ्यावे लागतात."

फाटकाला कुलूप लावून दोघं वर निघाली. तिच्या हातात खोऱ्याचा दांडा, अप्पांच्या हातात काठी. ती नको म्हणत होती, पण ते पुढे झाले. "माझी घाण आहे, मीच पुढे," म्हणाले. दोन पावलं टाकायची, काठीने पानं चाळायची, पुन्हा दोन पावलं. पायऱ्या सुरू झाल्या तिथे अप्पा थांबले. एक ओंडका वाटेत आडवा आला होता, दोन दरीत लोंबत होते, आणि एकाच्या जागी नुसता खड्डा होता. अप्पांनी तो आडवा ओंडका पायाने जागेवर ढकलून पाहिला. तो पुन्हा बाहेर आला. ते त्याच्यावरच बसले.

"सांगितलं नाहीस," ते म्हणाले.

"रोज सांगत होते."

"गाडीवाल्यांचं सांगत होतीस. पायऱ्या गेल्या, हे नाही सांगितलंस."

ते खरं होतं. गाडीवाल्यांना शिव्या देताना आपण ओंडके पुन्हा बसवले नाहीत हे तिने कधी सांगितलं नव्हतं, कारण एकटीने ओंडका उचलायची ताकद तिच्या कमरेत उरली नव्हती आणि मदतीला माणूस मागून मागून तिचं तोंड दुखलं होतं. सांगितलं असतं तर अप्पा स्वतः उचलायला गेले असते. तिने अप्पांना उठायला हात दिला.

दुपार कलेपर्यंत तारा सापडत गेल्या. एक वाकड्या झाडाच्या वर. एक जुन्या बाकाजवळ. एक शाळेची मुलं जिथे उतारावरून शर्यत लावतात अगदी तिथे, आणि ती कापायला अप्पांनी पक्कड लावली, पुन्हा काढली आणि तिच्या हातात दिली.

"ही गाडीवाल्यासाठी होती," अप्पा म्हणाले. कुणाला सांगत होते कोण जाणे.

"तारेला काय माहीत कोण येतंय ते," ती म्हणाली. तिला ओरडायचं होतं, पण ओरडायला लागणारं बळ तिने केव्हाच खर्च केलं होतं.

उतरताना अप्पांनी विचारलं, "साहेबांना सांगशील?"

"मला ठाऊक नाही, अप्पा. मी दमलेय."

संध्याकाळी तिने टेबल पुसलं आणि चिंध्या मांडल्या. अप्पांनी फडक्यांच्या डब्यातून शर्टाचं उरलेलं आणलं: कॉलर, आणि खिसा नसलेला पुढचा एक भाग. एखादी चिंधी अजून रानात राहिली का हे बघायला, लहान मुलं चित्र जुळवतात तसा दोघांनी शर्ट जुळवायला घेतला. पाठ जुळली. पुढचा दुसरा भाग जुळला. डावी बाही पट्ट्यापट्ट्यांत का होईना, पुरी झाली. उजवी बाही नव्हती. तिने खिसा पुन्हा उलटा केला, जॅकेट झटकलं, पिशवी बघितली.

"उजवी कुठेय?"

"भांडी पुसायला घेतली असेल," अप्पा म्हणाले. त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास नव्हता. तरी तिने स्वयंपाकघर पालथं घातलं. बाही सापडली नाही. जेवणं झाली तरी दोघांनी तो शर्ट टेबलावरून काढला नाही. एक हात नसलेला शर्ट, त्यात माणूस नव्हता, तरी दोघं त्याच्यासमोर आवाज खाली ठेवून बोलत होती.

सकाळी दूध गॅसवर ठेवताना तिला ते उमगलं, आणि इतकं सोपं होतं की ती स्वतःवरच चिडली. ती जाते तिथल्या चिंध्या तिने काढल्या होत्या. सगळ्या. मग उरलेली चिंधी असेल तर ती जात नाही तिथे. आणि ती कुठे जात नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? टाकीच्या मागून एक वळसा जातो. चढ खडा, एका बाजूला तुटका कडा, आणि तिकडे फिरकणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. थंडी गेल्यापासून ती टाकीला हात लावून परत फिरत होती. कुणी विचारलं तर "वळसा मारून आले" म्हणायची. कुणी विचारत नव्हतं ते वेगळं.

"अप्पा, टाकीमागे गेला होतात?"

"मागच्या रस्त्याने बस जाते की टाकीपर्यंत," अप्पा म्हणाले आणि मग त्यांनाही आठवलं. "एकदा गेलो होतो. गाड्या तिकडूनच घुसतात ना."

"फाटक उघडू नका. मी आल्याशिवाय कुणालाही सोडू नका."

ती इतक्या वेगाने बऱ्याच दिवसांत चढली नव्हती. टाकीपाशी तिला धाप लागली, गुडघ्यात कळ आली, तरी ती वळशावर शिरली आणि लगेच तिला बाही दिसली. कफाच्या बटणासकट अख्खी. अप्पांनी ती फाडलीही नव्हती. धोक्याची जागा म्हणून मोठी चिंधी. वाऱ्यावर ती हलत होती, कुणी लांबून हात करून थांब म्हणावं तशी. ती थांबली. दांड्याने पानं चाळत एकेक पाऊल पुढे गेली. तार तिथेच होती, अप्पांच्या सवयीप्रमाणे दहाएक पावलांवर. तारेपलीकडे दोन हात वाट आणि मग काहीच नाही.

तार कापल्यावर तिला रडू आलं. कड्याकडे पाठ करून बसली आणि मनसोक्त रडली. कुणी मेलं नव्हतं. बाई पडली होती, पण मुळाला अडकून, असं बाई स्वतःच म्हणत होती. तारा निघाल्या. शर्ट पुरा झाला. आता कुणाला काही सांगायची गरजच नव्हती. सुंठीवाचून खोकला गेला. ओंडके बसवायला माणूस मागू, चाकोरीत काटे टाकून ती बंद करू, अप्पांना संध्याकाळी एकटं सोडायचं नाही. तिने बाही सोडली, हातात घेतली आणि खाली निघाली. उतरताना गुडघे दुखत होते, तरी तिला हलकं वाटत होतं.

शेवटच्या वळणावरून फाटक दिसलं आणि फाटकाबाहेर साहेबांची जीप दिसली. आत यायला खोळंबलेले चार-पाच चालणारे, प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवलेली औषधवाली, हातात आपल्या चष्म्याचं घर धरलेले साहेब. फाटकाच्या आतल्या बाजूला अप्पा उभे होते, काठीवर दोन्ही हात ठेवून.

साहेबांचा आवाज वरपर्यंत येत होता. "डॉक्टर म्हणतात नडगीवर सरळ रेघ आहे. सुरीने ओढल्यासारखी. मुळाने अशी रेघ उठते का? तुमची सून मला झाड कललंय म्हणून सांगते. कुणी लावली तार?"

"मी," अप्पा म्हणाले. "सुनेला काही ठाऊक नव्हतं. तिला कालच कळलं. गाडीवाल्यांसाठी लावली होती. चूक झाली."

औषधवालीने फाटकाचा गज धरला. तिचा आवाज रागाचा नव्हता, आणि ते ऐकायला जास्त जड होतं.

"अप्पा, तुम्ही? मग निदान चिंधी तरी बांधायची होतीत. इतकी वर्षं मी तुमची चिंधी बघून पळतेय. तिथे चिंधी नव्हती, म्हणून मी बिनधास्त पळाले. चिंधी असती तर थांबले नसते का?"

अप्पांनी मान वळवली. वळणावर उभी असलेली वाटेवाली त्यांना दिसली, तिच्या हातातली बाही दिसली. त्यांनी डोळ्यांनी तिला खूण केली. खिशात घाल. मग ते औषधवालीकडे वळले.

"नाही बांधली," ते म्हणाले. "राहिली बांधायची. विसरलो."

वाटेवाली जागच्या जागी उभी राहिली. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात एकही धोका चिंधीशिवाय सोडला नाही, ज्याने पाप करतानासुद्धा आधी चिंधी बांधली, तो माणूस गावासमोर सांगत होता की बांधली नाही. पोलिसात जाण्यापेक्षा त्यांना हे जास्त लागत असणार, हे तिला ठाऊक होतं. आणि ते तिच्यासाठी चाललं होतं, तिच्या नोकरीसाठी, छपरासाठी, ट्रकवरच्या त्यांच्या मुलासाठी. तिने फक्त खिशात हात घालायचा होता. तिला इतका थकवा आला होता की तो हात तसाच आपोआप खिशाकडे गेलाही असता.

"बांधली होती," ती म्हणाली.

सगळ्यांनी वर पाहिलं. ती खाली येत बोलत राहिली, कारण थांबली असती तर पुढचं बोलता आलं नसतं. "प्रत्येक तारेआधी बांधली होती. मी काढल्या. वर बघितलं, खाली नाही बघितलं, आणि काढून खिशात टाकल्या. तुमच्या जागची परवा काढली, ताई. आणि ही एक उरली, कारण टाकीमागे मी थंडी गेल्यापासून गेलेच नाहीये. जाते म्हणून सांगत होते."

तिने बाही गजांतून औषधवालीसमोर धरली. कफाचं बटण गजाला लागून वाजलं.

"तुला कुणी विचारलं होतं का?" अप्पा ओरडले. त्यांचे डोळे भरले होते. "गप्प बसता येत नाही तुला? एवढं एक काम सांगितलं तर!"

"तुमची सगळी कामं ऐकली, अप्पा. हे नाही ऐकत."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. नोकरी, चौकशी, पोलीस, असं बरंच काही त्यांना बोलायचं असावं, पण ते एवढंच म्हणाले, "सगळ्या निघाल्या ना?"

"निघाल्या," ती म्हणाली. अप्पांनीही मान हलवली. आणि दोघांनाही कळलं की आता या शब्दाला समोरच्यांपैकी कुणाच्याही लेखी किंमत उरलेली नाही.

औषधवाली बाहीकडे बघत होती. "मला एक सांगा, ताई," ती म्हणाली. "यापुढे चिंधी दिसली नाही, तर मी काय समजायचं?"

वाटेवालीने अप्पांकडे पाहिलं, अप्पांनी जमिनीकडे.

साहेबांनी अप्पांना जीपमध्ये चढवलं. गुडघा वाकेना, तेव्हा त्यांना काखेत धरून उचलावं लागलं, आणि औषधवालीनेच आपल्या धड हाताने काठी आत सरकवली. जीप गेली. चालणारे तिथेच घुटमळत राहिले. वाटेवालीने ती बाही फाटकाच्या मधोमध, डोळ्यांच्या उंचीवर बांधली, दोन गाठी मारून. मग चौकीत जाऊन गॅस बंद केला. दूध केव्हाच उतू जाऊन करपलं होतं. ती स्टूल घेऊन बाहेर आली आणि फाटकासमोर बसली. तेवढ्यात कोपऱ्यावरून पळायला येणारे आणखी दोघं दिसले.

"वाट बंद आहे," तिने लांबूनच सांगितलं. "का, तेही सांगते. जरा थांबा."